शेवटच्या साइजचा सेट

शालन गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका जीपखाली उताणा पडलो होतो. आधी हिंदुरावचे पाय दिसले. हिंदुराव म्हणजे शालनचा धाकटा भाऊ. बाजार समितीत हमालांचा मुकादम, कधी घाईनं चालताना मी त्याला बघितलेला नाही. त्या दिवशी त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

"दाजी, बाहेर या."

"थांब जरा. चेंबरचा नट राहिलाय."

"दाजी, या की वो."

"तेल ओतायचंय अजून. काय हाय ते तिथनंच बोल."

मग त्यानं तिथनंच सांगितलं. स्वयंपाकघरात उभी होती ती कोसळली. शेजारणीनं डॉक्टरला आणलं, पण तोवर संपलं होतं. मी ऐकलं, नट आवळला, पाना जागेवर ठेवला आणि बाहेर आलो. पुढे दहा दिवस लोक मला भेटायला येत होते आणि परत जाताना म्हणत होते, केवढ्या धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हता. अर्धा आवळलेला नट सोडून उठायची सवय नव्हती, एवढंच.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड मांडला. समोरच्या करंजाच्या झाडावर सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची कुठली इच्छा राहिली असेल ते ओळखून कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा असतो. शब्द पटला की कावळा शिवतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण त्या दिवशी ते मला कुणी विचारलं नाही.

आधी माझी मुलगी वनिता बोलली. "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." कावळे बसून राहिले. हिंदुरावनं हात जोडले. "अक्का, गुड्डीच्या शिक्षणाचं मी बघतो." गुड्डी ही वनिताची मुलगी, तेव्हा दुसरीत होती. एक कावळा उडाला, पण तो पलीकडच्या लोकांच्या पिंडाकडं गेला. गुरुजी घड्याळ बघायला लागले. शालनची मावशी माझ्याकडं वळली.

"दिनकर, तू गप का? बाईची इच्छा नवऱ्यापाशीच अडकलेली असतीया. बोल काहीतरी."

मला काही सुचत नव्हतं. मी आयुष्यभर गाड्यांबद्दलच बोलत आलो. तोंडात आलं ते म्हटलं, "फियाटचं बेअरिंग बदलतो. गाडी चालू करतो."

माझं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला आणि भात घेऊन गेला. बायका रडायला लागल्या. हिंदुरावनं माझा हात धरला. "बघा दाजी, अक्काचा जीव त्या गाडीत हुता."

मी मान हलवली. खरं तर अकरा वर्षांत शालननं त्या गाडीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी काढलं तर ती उठून आत जायची.

घाटाच्या वरच्या पायरीवर दस्तगीर मुजावर उभा होता, डोक्याला रुमाल बांधून, सगळ्यांपासून लांब. माझा बेअरिंगचा सेट त्यानं चोरला होता. हे सगळ्या जयसिंगपुराला माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं. मी त्याला बघून न बघितल्यासारखं केलं.

तो आणि मी चौदा वर्षं एका गॅरेजात होतो. पाटी एकच, दोघांचं नाव. गाडीची बाकी कामं मी करायचो, इंजिन उघडलं की दस्तगीर. बेअरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा सांगली-मिरजेपर्यंत कुणी नव्हता. इंजिनातलं हे बेअरिंग म्हणजे गोळ्यांचं नव्हे. अर्ध्या बांगडीसारखे पत्र्याचे तुकडे असतात, दोन मिळून एक गोल. त्यात क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरते. तुकडे झिजले की इंजिन ठोकायला लागतं. मग क्रँक घासून गुळगुळीत करायची आणि ती जेवढी बारीक झाली तेवढे जाड तुकडे बसवायचे. दहा साइज, वीस, तीस, चाळीस. चाळीसच्या पुढं काही नाही.

माझी फियाट मी एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून घेतली होती. घेतली तेव्हाच ठोकत होती. क्रँक घासून घेतली ती थेट चाळीसला गेली. त्या साइजचा सेट मिळायला चार महिने लागले. मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडं शेवटचा एकच पडला होता, तीन मेन बेअरिंग आणि चार रॉडची, मिळून चौदा तुकडे. मी तो घरी कपाटात ठेवला. ठेवल्याचं शालनला माहीत होतं आणि दस्तगीरला.

दुसऱ्या दिवशी इंजिन बांधायचं म्हणून कपाट उघडलं तर सेट नाही. शालन म्हणाली, "मी काय करू त्याचं?" मला पटलं. बाई बेअरिंगचं काय करणार? आणि त्याच आठवड्यात दस्तगीरनं सांगलीच्या एका लॉजवाल्याच्या फियाटला बेअरिंग टाकली होती. मला तेवढं पुरलं.

सकाळी चौकात महादूच्या चहाच्या गाड्यावर आम्ही गॅरेजवाले जमायचो. त्या दिवशी आठजण होते. मी सगळ्यांदेखत विचारलं, "दस्तगीर, माझा सेट त्या लॉजवाल्याला केवढ्याला घातलास?"

त्याला आधी चेष्टा वाटली. "दिनू, रात्रीची उतरली न्हाई का अजून?"

"मी पीत न्हाई. सेट कुठं हाय?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. आठही जणांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं. सगळे आपापल्या ग्लासात बघत होते. मग त्यानं गॅरेजातून आपली हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला, तो परत आला नाही. चोर म्हटल्यावर त्याच्याकडं इंजिन उघडायला कोण देणार? तो नांदणी रस्त्याला शेतपंपाच्या मोटारी दुरुस्त करायला लागला.

लॉजवाल्याच्या गाडीला दहाची साइज लागली होती, चाळीसची नव्हे. हे मला दोन महिन्यांनी कळलं. पण तोवर बोलून झालं होतं.

फियाट तशीच पत्र्याच्या शेडात राहिली. दुसरी क्रँक मिळाली असती, दुसरं अख्खं इंजिन मिळालं असतं. मी शोधलं नाही. गाडी चालू झाली असती तर माझा सेट गेला होता हे लोक विसरले असते. कुणी विचारलं की मी शेडाकडं बोट दाखवायचो. "दस्तगीरची मेहरबानी."

शालन मात्र दर दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा द्यायची. मी भांडायचो. "चोराच्या घरी फराळ?"

"त्याच्या पोरांनी काय चोरलंय?" ती म्हणायची आणि डबा घेऊन जायची. ईदला तो डबा शिरखुर्मा घेऊन परत यायचा. मी खात नसे. ती माझ्यासमोर बसून खायची.

दहाव्यानंतर हिंदुराव रोज यायला लागला. "दाजी, कुठवर आलं?"

"सेट न्हाई."

"मग आणा की. शब्द दिलाय."

"कावळ्याला दिलाय."

"अक्काला दिलाय. कावळा निस्ता निरोप्या."

मी पुण्याला फोन केला, मुंबईला केला. मुंबईचा तो व्यापारी मरून गेला होता. त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकत होता. पुण्यातला एकजण हसला. "चाळीस? फियाटची? काका, ती गाडी चालवणारेच संपले आता."

"मी हाय अजून," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पंधराव्या दिवशी वनिता इचलकरंजीला परत निघाली. आईचं शिलाई मशीन तिला हवं होतं. म्हणाली, "बाबा, नेते मी, पण जरा तेल घालून द्या. चाक जड फिरतंय."

आयुष्यात मी हजार गाड्यांना तेल घातलं असेल. त्या मशीनला कधी घातलं नव्हतं. ते शालन स्वतः करायची. मी मशीन मागं कलतं केलं. खाली लाकडी खोक्यात एक पुडकं होतं. पिवळ्या ठिपक्यांच्या कापडात गुंडाळलेलं, वर रीळाचा दोरा. उचललं तेव्हा वजनावरूनच मला कळलं. तरी सोडून बघितलं. चौदा तुकडे. एकेक वेगळ्या कागदात, मागं चाळीसचा शिक्का. कुठं डाग नाही, गंज नाही. सगळ्यांना मशीनच्या तेलाचा हात फिरवलेला.

ते पिवळ्या ठिपक्यांचं कापड मी ओळखलं. गेल्या दिवाळीला तिनं गुड्डीला त्याचा फ्रॉक शिवला होता. म्हणजे सेट एकदा लपवून ती विसरली नव्हती. कापड बदलत होती, तेल बदलत होती. अकरा वर्षं.

"काय आहे ते?" वनितानं विचारलं.

"माझंच सामान," मी म्हटलं.

तिला बसमध्ये बसवून दिलं. घरी येऊन भिंतीवरच्या फोटोसमोर बसलो. हार ताजा होता. पंधरा दिवस येणारा-जाणारा एकच गोष्ट बोलला होता. बाईनं कधी कुणाचं वाईट केलं नाही. मी दर वेळी हात जोडले होते. आता मला तिचा राग आला होता, आणि राग सांगायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुडकं पिशवीत घालून नांदणी रस्त्याला गेलो. दस्तगीर दुकानासमोर पोत्यावर बसून एका मोटारीची तार गुंडाळत होता. दाढी सगळी पांढरी झाली होती. मला बघून उठला नाही.

"बस," म्हणाला.

मी पुडकं त्याच्यासमोर ठेवलं. कसं बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. त्यानं दोरा सोडला. एक तुकडा काढून आतल्या बाजूनं नख फिरवलं, मग वास घेतला.

"मशीनचं तेल. दर खंडेनवमीला बदलायची म्हणत होती, ते खरंच की."

"कोण म्हणत होती?"

"वहिनी. दुसरं कोण?"

दस्तगीर तुकडा परत कागदात गुंडाळायला लागला.

"तुला ठाऊक हुतं?"

"तू चौकात तोंड सोडलंस, त्याच्या तिसऱ्या दिवशी आलती. पिशवीत वर मेथी, खाली सेट."

"का नेला हुता तिनं?"

"पितृपक्ष चालू हुता, दिनू. तुला नवं बेअरिंग त्याच आठवड्यात टाकायचं हुतं. पितरांच्या दिवसांत नवं काम धरू नका, पंधरा दिवस थांबा, म्हणून मागं लागलेली. तू काय म्हणालास तिला?"

मला आठवलं. मी म्हणालो होतो, मेलेल्या माणसांचा बेअरिंगशी काय संबंध?

"म्हणून तिनं उचलून ठेवला," दस्तगीर म्हणाला. "घटस्थापना झाली की परत देणार हुती. खंडेनवमीला तू पाने-पकडी पुजतोस, तेव्हा हत्याराशेजारी मांडून ठेवणार हुती. तुला हसू येईल असं वाटलेलं तिला."

"मग सांगायचं हुतं मला!"

"सांगणार हुती. पण तू थांबलास कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात. आठ माणसं. वहिनी म्हणाली, भाऊजी, आता सेट घरात सापडला म्हटलं तर हे चौकात तोंड कसं दाखवणार? तुम्ही घ्या आणि कुठंतरी सापडला म्हणून द्या."

"मग का घेतला न्हाईस?"

"घेऊन काय म्हणू? हा घे दिनू, सापडला? कुठं सापडला? माझ्यापाशी!" तो हसला. "मग तर चोर पक्काच की मी."

"आणि तू गप बसलास."

"म्हटलं, दोन दिवसांत डोकं थंड हुईल तुझं. मीच म्हटलं वहिनीला, आत्ता सांगू नका, भांडणं लागतील, जरा थांबा." त्यानं पुडक्याला दोरा गुंडाळला. "तुझं डोकं थंड व्हायला वेळच लागला म्हणायचा."

आतून त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. माझ्याकडं न बघता ठेवला आणि आत गेली.

"मी चौकात सांगतो," मी म्हटलं. "आजच सांगतो."

"काय सांगशील? बायकोनं नेला?"

मी चहा उचलला.

"तिचं नाव काढायचं न्हाई," दस्तगीर म्हणाला. "पंधरा दिवस झाल्यात तिला जाऊन. लोक चांगलं बोलत्यात, बोलू दे. तुला सांगायचंच असलं तर म्हण, मीच ठेवला आणि मीच विसरलो. झालं. एवढ्यानं कुणी मरत न्हाई."

"सांगतो," मी म्हटलं.

"आणि हे तू एकटा बसवू नकोस. चाळीसची साइज हाय, एकदा चुकली की दुसरी न्हाई. उद्या येतो मी."

तो आला. तीन दिवस आम्ही शेडात काम केलं. उघडं पडलेलं इंजिन धुतलं, सुटे भाग मांडले. बोलणं कामापुरतंच. रॉकेल दे. चिंधी दे. क्रँकच्या तेलाच्या भोकांतला अकरा वर्षांचा चिकटा त्यानं तारेनं काढला. एकेक तुकडा बसवला, वर टोपी ठेवली, नट आवळले आणि क्रँक हातानं फिरवून बघितली. जड गेली तर पत्रा गरम होऊन चिकटतो, सैल राहिली तर ठोकतो. आमच्याकडं कंपनीसारखी मापं नव्हती. दस्तगीरची दोन बोटं हेच माप. दोन बोटांनी फिरली तर तो "बरोबर" म्हणायचा. सातही बेअरिंगला त्यानं "बरोबर" म्हटलं. सातव्याला म्हणाला, "फिरवून बघ."

मी फिरवली. शालनचं तेल पुसून आम्ही इंजिनचं तेल लावलं होतं. क्रँक अशी फिरली की पुन्हा फिरवावीशी वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी चालू करायची होती. हिंदुराव पेढे घेऊन आला. चौकातले लोकही आले. संपत टायरवाला, महादू चहावाला, आणखी तिघं. त्या आठांतलेच पाच. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. मीच ठेवला होता आणि मीच विसरलो. मोजून पाच-सहा शब्द.

दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. ठोका नाही, खडखड नाही. हिंदुरावनं रडत रडत बॉनेटवर पेढा ठेवला. "अक्का, झालं गं तुझ्या मनासारखं."

दस्तगीर इंजिनावर वाकून ऐकत होता. संपतनं त्याला बघितलं, मग मला बघितलं आणि माझ्या पाठीवर हात टाकला.

"दिनकरराव, मानलं तुम्हाला. सेट यानंच आणून दिला म्हणायचा? अकरा वर्षांनी का हुईना, सुचलं याला. आणि तुम्ही गाडीला हात लावू दिलात. मोठं मन लागतं बाबा."

महादू म्हणाला, "वहिनी असत्या तर त्यांनीपण माफच केलं असतं."

सगळे माझ्याकडं बघत होते. दस्तगीरनं मान वर केली नाही. तो वाट बघत होता, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. वाक्य माझ्या तोंडात होतं. पण पाठीवर संपतचा हात होता, समोर पेढे होते, आणि वीस दिवसांत पहिल्यांदा मला कुणी चांगलं म्हणत होतं ते बायको गेली म्हणून नव्हे.

मी म्हटलं, "जाऊ द्या. गेलं ते गेलं."

दस्तगीर सरळ झाला. चिंधीला हात पुसले. "टॅपेट थोडं वाजतंय. गार झाल्यावर बघ," म्हणाला आणि सायकल काढली. हिंदुराव त्याच्या मागं पेढा घेऊन धावला. तो पेढा त्यानं घेतला.

दोन दिवसांनी मी नांदणी रस्त्याला गेलो. तो म्हणाला, "बस." मी म्हटलं, "त्या दिवशी जमलं न्हाई." तो म्हणाला, "बघितलं मी." मग आम्ही पावसापाण्याचं बोललो. त्यानंतरही मी जातो. तो चहा पाजतो. त्यानं तो विषय परत काढलेला नाही. त्याच्याकडं अजून कुणी इंजिन उघडायला देत नाही. संपत तर म्हणतो, सेट चोरला ते चोरला, पण मनानं परत दिला, एवढं तरी म्हणावं लागेल.

याला आता सहा वर्षं झाली. फियाट रोज एकदा चालू करतो. चौकातल्या त्या आठांपैकी दोघं वारले. सहाजण आहेत. रोज सकाळी महादूच्या गाड्यावर भेटतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही.